वऱ्हाडातलं इलेक्ट्रिकल एम.टेक.: अटी कागदावरच्या आणि खऱ्या

अकोल्यात सरकारी तंत्रनिकेतन आहे, कृषी विद्यापीठ आहे, बाळापूर तालुक्यात पारसचं ५०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे. सरकारी अभियांत्रिकी पदवी महाविद्यालय मात्र नाही. त्यामुळे इलेक्ट्रिकलमध्ये सरकारी कॉलेजातून पदव्युत्तर पदवी घ्यायची म्हटलं की अकोल्याच्या पोराला शंभरेक किलोमीटरवर अमरावतीला जावं लागतं, नाहीतर आणखी पुढे नागपूर गाठावं लागतं. घरात विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "बीई झालं ना बे, आता आनखी दोन वर्सं कायले?" प्रश्न आडमुठा वाटला तरी रास्त आहे. एम.टेक.ला काय काय लागतं हे कुठल्याही माहितीपुस्तिकेत सापडतं. ते कशाला लागतं, हे ज्याचं त्याने शोधायचं असतं.

अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ चं. पुढे ते स्वायत्त झालं. अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतःच्या असल्याने तिथली पदवी एम.टेक. म्हणून मिळते, विषय इलेक्ट्रिकल पॉवर सिस्टिम. १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठापासून वेगळं होऊन अमरावती विद्यापीठ जन्माला आलं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम या आजच्या पाच जिल्ह्यांचं हे विद्यापीठ आता संत गाडगे बाबांच्या नावाने ओळखलं जातं. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना दार उघडलं तेही १९८३ मध्येच, आणि बडनेरा, शेगाव इथली कॉलेजं त्याच सालची. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत पदवीचं नाव एम.ई. असतं. मोठी कोणती, यावर कॅन्टीनमध्ये तासन्‌तास वाद झडतात. नोकरीत आणि पीएच.डी.च्या प्रवेशाला दोन्ही सारख्याच चालतात. खरी कटकट वेगळीच आहे. इथल्या अनेकांच्या बी.ई.च्या प्रमाणपत्रावर नुसतं इलेक्ट्रिकल नसून 'इलेक्ट्रॉनिक्स अँड पॉवर' अशी पुरवणी असते. पदव्युत्तर प्रवेशाला ती सहसा आड येत नाही, पण नोकरीच्या जाहिरातीत फक्त इलेक्ट्रिकल लिहिलेलं असेल तर समकक्षतेचा कागद फाइलीत असलेला बरा.

प्रवेशाची मूळ अट साधी आहे. संबंधित शाखेची बी.ई. किंवा बी.टेक., किमान ५० टक्के. राखीव प्रवर्गाला ४५. राज्यातले प्रवेश सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत फेऱ्यांतून, म्हणजे सगळे म्हणतात तशा कॅप राउंडमधून होतात. आधी गेट या देशपातळीवरच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांची यादी लागते, मग पदवीच्या गुणांवर नॉन-गेटवाल्यांची. नोकरी करणाऱ्याला मालकाने पाठवलं असेल तर त्याची सोय वेगळी, त्याला अनुभवाचा दाखला लागतो. कागदपत्रांत माणसं अडतात ती जात पडताळणी आणि नॉन-क्रीमिलेअरवर. पडताळणी समितीकडे अर्ज बी.ई.च्या शेवटच्या वर्षात नव्हे, त्याच्या कितीतरी आधी गेलेला असावा. दरवर्षी कुणाचं तरी वर्ष या एका कागदापायी जातं.

गेटबद्दल वऱ्हाडात उगाच दहशत आहे. परीक्षा तीन तासांची, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यातले १५ गुण सामान्य बुद्धिमत्तेचे आणि १३ अभियांत्रिकी गणिताचे, म्हणजे इलेक्ट्रिकलचा पहिला प्रश्न येण्याआधी २८ गुण बाहेरचे झाले. उरलेल्या ७२ गुणांत सर्किट, विद्युतचुंबकीय क्षेत्रं, सिग्नल, मशिन, पॉवर सिस्टिम, कंट्रोल, मोजमाप, अॅनालॉग-डिजिटल आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स. पात्रतेचा उंबरठा खुल्या प्रवर्गाला २५ गुणांच्या खाली उतरत नाही, पण फार वर चढतो असंही नाही. २०२१ पासून तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही बसता येतं आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. अडचण विषयांची नसून सवयीची आहे. विद्यापीठाच्या पेपरात 'टीप लिहा' आणि 'आकृतीसह स्पष्ट करा' यांवर वर्षं निघतात. गेटमध्ये पर्याय निवडायचा किंवा उत्तराचा आकडा टंकायचा असतो आणि तो चुकला की पायऱ्यांचे गुण मिळत नाहीत. ज्याने दुसऱ्या वर्षाचं नेटवर्क आणि तिसऱ्याचं मशिन हाताने गणितं सोडवत केलं, त्याला गेट जड जात नाही.

आणि गेटला पैसे आहेत. गेट उत्तीर्ण होऊन एआयसीटीई-मान्य कॉलेजात पूर्णवेळ प्रवेश घेतला तर दरमहा १२,४०० रुपये, २४ महिने. म्हणजे २,९७,६०० रुपये. बदल्यात आठवड्याला आठ ते दहा तास प्रयोगशाळेत किंवा शिकवण्यात मदत करायची, हजेरी द्यायची आणि दुसरीकडे पगार किंवा दुसरी शिष्यवृत्ती घ्यायची नाही. नॉन-गेटवाल्याला यातला रुपयाही मिळत नाही. तोच वर्ग, तेच गाइड, तीच परीक्षा, आणि शेजारच्या बाकावरच्याला महिन्याला बारा हजार. शेतकऱ्याच्या घरात ही रक्कम म्हणजे खोलीचं भाडं, मेस आणि वर घरी पाठवायला थोडं. म्हणून 'नॉन-गेटवर मिळतंय ना, मग कशाला अभ्यास' हा सल्ला मला चुकीचा वाटतो. एक वर्ष थांबून गेट दिलेलं परवडतं.

मात्र याच परीक्षेने एम.टेक.चे वर्ग रिकामेही केले. एनटीपीसी, पॉवर ग्रिड अशा सरकारी कंपन्या गेटच्या गुणांवर अभियंते घेतात. चांगला स्कोअर आला की पोरगा आधी तिथं जातो, नाहीतर आयआयटीत. मधले बरे गुण असलेले नागपूरच्या व्हीएनआयटीत जातात. तिथं इंटिग्रेटेड पॉवर सिस्टिम्स आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स अँड ड्राइव्हज असे दोन एम.टेक. आहेत आणि प्रवेश देशपातळीवरच्या सीसीएमटी फेऱ्यांतून. अमरावतीच्या वाट्याला येतो तो घराजवळ राहायचं ठरवलेला किंवा नोकरीत अडकलेला पोरगा, नाहीतर लग्न झालेली मुलगी. त्यात वाईट काही नाही. फक्त कॉलेजांनी आपला विद्यार्थी कोण आहे हे ओळखून वेळापत्रक आखायला हवं.

अभ्यासक्रमाचा सांगाडा एआयसीटीईच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात आहे. एकूण ६८ श्रेयांक, चार सत्रं. पहिल्या दोन सत्रांत प्रत्येकी १८, पुढच्या दोनांत प्रत्येकी १६. पॉवर सिस्टिम अॅनालिसिस, डायनॅमिक्स, डिजिटल प्रोटेक्शन हे मुख्य. निवडीला स्मार्ट ग्रिड, पवन-सौर, इलेक्ट्रिक वाहनं. संशोधनपद्धती आणि बौद्धिक संपदा सक्तीची. शिवाय श्रेयांक नसलेले ऑडिट विषय: शोधनिबंधासाठी इंग्रजी, आपत्ती व्यवस्थापन, राज्यघटना, तांत्रिक ज्ञानासाठी संस्कृत, योगातून ताणमुक्ती. शेवटचा विषय चौथ्या सत्रात ठेवला असता तर जास्त उपयोगी पडला असता. प्रत्येक कॉलेज हा सांगाडा थोडा वाकवून वापरतं, पण वजन कुठे आहे ते सगळीकडे सारखंच: ६८ पैकी २६ श्रेयांक डेझर्टेशनचे, तिसऱ्या सत्रात दहा, चौथ्यात सोळा. पदवीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग एका कामावर उभा आहे, आणि नेमकं तेच काम शेवटच्या चार महिन्यांत उरकलं जातं.

ते कसं उरकलं जातं ते पाहण्यासारखं आहे. पॉवर सिस्टिमच्या डेझर्टेशनात वर्षानुवर्षं भेटणारी एक आकृती आहे, आयईईईची १४ बसची, म्हणजे वीजजाळ्यातल्या १४ जोडबिंदूंची चाचणी प्रणाली. तिच्यावर कधी पार्टिकल स्वार्म, कधी जेनेटिक अल्गोरिदम चालवायचा, कुठल्या बसवर कपॅसिटर किंवा फॅक्ट्स उपकरण बसवलं तर तोटा किती टक्के घटतो ते मॅटलॅबमध्ये दाखवायचं, आलेख काढायचे, व्हायवा. ही १४ बसची प्रणाली म्हणजे १९६२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत एका कंपनीचं जाळं जसं होतं त्याचा तुकडा. ३० बसची प्रणाली त्याआधीच्या डिसेंबरातली. जगभर पद्धतींची तुलना करायला अशी सामाईक उदाहरणं लागतात, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. नवी पद्धत काढणाऱ्याने ती आधी १४ बसवर घासून बघावीच. पण पद्धत जुनी, उदाहरण जुनं आणि उत्तरही जवळपास ठाऊक, असं असताना त्यावर सोळा श्रेयांक देणं म्हणजे परीक्षेची उत्तरपत्रिका पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहून घेणं आहे. आणि हे चालतं कुठे, तर ज्या अकोल्यावरून तिरोड्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारी ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जाते आणि जिथं तिचं उपकेंद्र आहे, त्या भागात.

वऱ्हाडात विजेचे प्रश्न कमी नाहीत. उन्हाळा घ्या. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४७ अंशांपलीकडे गेलेला आहे. त्याच दिवसांत कूलर, एसी सगळे एकदम चालू आणि गावोगाव डीपी जळाल्याच्या तक्रारी. रोहित्राच्या साध्या कागदी इन्सुलेशनचं आयुष्य वाइंडिंगमधल्या सर्वांत तापलेल्या बिंदूवर ठरतं. ९८ अंशांवर ते प्रमाण मानलं तर पुढे दर सहा अंशांना आयुष्य निम्म्यावर येतं. हे सूत्र पुस्तकात आहे. पण मे महिन्यात रात्री अकरालाही हवा निवत नाही, तेव्हा अकोट फैलातल्या किंवा राजापेठेतल्या एखाद्या डीपीचं तेल कधी थंड होतं? रोज किती तास ती मर्यादेपलीकडे राहते? एक तापमापक, एक लोड रेकॉर्डर आणि मार्च ते जून असे चार महिने, एवढ्यात एम.टेक.चं स्वच्छ काम होतं. त्याला अल्गोरिदमचं नाव लागत नाही.

मग जमीन. काळी कसदार माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते. सुकली की अर्थिंगचा रोध वाढतो आणि पावसात उतरतो. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलडाणा तिन्ही जिल्ह्यांतून जातो. तिथं मातीतल्या क्षारांमुळे रोध कमी मिळतो पण जस्ताचा मुलामा दिलेला इलेक्ट्रोड लवकर गंजतो. अर्थिंगसाठी भारतीय मानक आहे, त्यात सूत्रंही आहेत. दर्यापूरच्या मातीत वर्षभर महिन्यागणिक घेतलेली मोजमापं हा वेगळाच दस्तऐवज होईल. शेतातल्या मोटरीला हात लावताना बसणाऱ्या शॉकशी त्याचा थेट संबंध आहे, म्हणून हा विषय मला सगळ्यांत आधी करावासा वाटतो.

शेतीपंपांवर तर दहा डेझर्टेशनं होतील. लाइन दिवसा आठ तास किंवा रात्री, आलटून पालटून. रात्री ओलिताला जाणाऱ्याला विंचूकाट्याची भीती. सरकारने २०१८ च्या सुमारास उच्चदाब वितरण प्रणाली आणली, एक-दोन पंपांना एक छोटं रोहित्र. मग मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीचा दुसरा टप्पा, फीडरच सौर करण्याचा. आणि आता 'मागेल त्याला सौर कृषी पंप': अडीच एकरापर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरापर्यंत पाच, त्यापुढे साडेसात, शेतकऱ्याचा वाटा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींना पाच. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात पाणी खूप खोल गेलं आहे. तिथं साडेसातचा सौरपंप ढगाळ दिवशी बोअरच्या तळातून किती पाणी काढतो? बागेला पाणी नको असतं त्या महिन्यांत त्या पॅनेलांची वीज वाया जाते, तिच्यावर कडबाकटर किंवा फवारणीची बॅटरी चालवायचा कंट्रोलर स्वस्तात कसा होईल? पॉवर इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला यात कन्व्हर्टर आहे, एमपीपीटी आहे, ड्राइव्ह आहे. शिवाय ज्याच्या शेतात प्रयोग करायचा तो बहुधा त्याचा काकाच असतो. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात अपारंपरिक ऊर्जा आणि विद्युत अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. अमरावतीच्या विद्यार्थ्याने तिथल्या प्राध्यापकाला सहमार्गदर्शक म्हणून गाठायला हवं.

कारखान्यांकडे वळलं तर अकोल्याच्या डाळमिल्स आणि अकोला-अमरावती दोन्ही जिल्ह्यांतली जिनिंग. जिनिंगचा भार हंगामी: दिवाळीनंतर वाढतो, उन्हाळ्यात संपतो. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर येतं, म्हणजे पॉवर फॅक्टर बिघडला की तो थेट बिलात दिसतो. बसवलेली कपॅसिटर बँक हंगाम नसताना काय करते, ड्राइव्हजमुळे हार्मोनिक्स किती वाढतात, हे मिलमालकालाही जाणून घ्यायचं असतं. तो यंत्रं मोजायला देईल, चहाही पाजेल.

अडथळे आहेतच. फीडरची माहिती हवी तर विभागप्रमुखाचं पत्र घेऊन कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयात बसावं लागतं, तेही एकदा जाऊन भागत नाही. पॉवर क्वालिटी अॅनालायझर महाग असतो आणि असला तर कपाटात कुलूपबंद. गाइडकडे बी.ई.चे वर्ग, एनबीए मानांकनाची कागदपत्रं, परीक्षेची ड्युटी. अशा वेळी १४ बस सोयीची वाटते यात नवल नाही. भरीस शोधनिबंध छापण्याचा धाक, आणि पैसे घेऊन चार दिवसांत छापून देणारी नियतकालिकं. साहित्यचोरीचा यूजीसीचा २०१८ चा नियम सरळ आहे: दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, चाळीसपर्यंत गेलं तर सहा महिन्यांत सुधारून द्या, साठपर्यंत तर एक वर्ष बंदी, त्यावर नोंदणीच रद्द. स्वतः मोजलेले आकडे असले की हा नियम आपोआप पाळला जातो.

इतकं असूनही एम.ई.चे वर्ग एकेकाळी ओसंडून वाहत होते. कारण शिक्षकखोलीत होतं. एआयसीटीईच्या २०१० च्या नियमाने अभियांत्रिकी कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायला बी.ई.बरोबर एम.ई. किंवा एम.टेक. सक्तीचं केलं, दोहोंपैकी एकात प्रथम श्रेणी. विदर्भात कॉलेजांचं पीक आलेलं, शिक्षक नुसते बी.ई. झालेले. मग सकाळी शिकवायचं आणि संध्याकाळी शिकायचं असा धडाका सुरू झाला. कॉलेज स्वतःच्याच शिक्षकांना स्वतःकडे पदव्या देऊ लागलं, आणि डेझर्टेशन ही पगारवाढीची अट बनली. पुढे बी.ई.चेच प्रवेश रोडावले, तुकड्या मिटल्या, आणि एम.ई. झालेले कित्येक जण तासिका तत्त्वावर अडकले. आज शिकवायचंच असेल तर हिशेब स्पष्ट आहे: तंत्रनिकेतनात अधिव्याख्याता व्हायला प्रथम श्रेणीची बी.ई. पुरते, इंजिनिअरिंग कॉलेजला एम.टेक. लागतंच, आणि सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर पीएच.डी. वीज कंपन्यांतल्या अभियंत्याच्या पदाला बी.ई. पुरते.

पीएच.डी.ची वाटही आता एम.टेक.वरूनच जाते असं नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमानुसार चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो. इतर विषयांत एक वर्षाची पदव्युत्तर पदवी आली, अभियांत्रिकीचं एम.टेक. मात्र दोनच वर्षांचं राहिलं आहे.

परदेशाची ओढ अमरावतीत जुनी आहे. अमेरिकेत एम.एस. साधारण ३० श्रेयांकांचं, आणि नंतर तंत्रशाखेला तीन वर्षांपर्यंत काम करायची परवानगी. सगळं गणित कर्ज आणि व्हिसावर. जर्मनीत १२० ईसीटीएस, बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी जवळजवळ नाही, पण १ नोव्हेंबर २०२२ पासून शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं आणि वर्षाला ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागतात. हा आकडा मधूनमधून वाढतो, जाण्याआधी ताजा पाहावा.

नोकरी करत घरबसल्या पदवी देणाऱ्यांपासून जपावं. पत्राचाराने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांना सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालात थारा दिला नाही आणि अनेकांच्या बढत्या अडकल्या. मान्यतेचा कागद एआयसीटीईच्या यादीत दिसल्याशिवाय पैसे भरू नयेत.

माझं मत स्पष्ट सांगतो. शिकवायचं असेल, पुढे संशोधन करायचं असेल किंवा एखादा प्रश्न डोक्यात घोळत असेल, तर एम.टेक. जरूर करावं, आणि गेट देऊनच करावं. नोकरी मिळत नाही म्हणून दोन वर्षं कुठेतरी काढायची असतील तर ती एखाद्या ठेकेदाराकडे उपकेंद्राच्या कामावर काढलेली बरी. पगार थोडा असेल, पण रिले आणि ब्रेकर हाताखालून जातील. कॅपचा पर्याय अर्ज भरण्याआधी एकदा त्या कॉलेजच्या ग्रंथालयात जावं आणि गेल्या तीन वर्षांची इलेक्ट्रिकलची डेझर्टेशनं काढायला सांगावीत. त्यांत किती ठिकाणी स्वतः मोजलेले आकडे आहेत आणि तुम्हाला मिळणाऱ्या गाइडच्या हाताखाली किती झाली, एवढं पाहिलं की पसंतीक्रम लावता येतो. अकोल्याहून सकाळच्या गाडीने निघालं तर हे काम एका दिवसात होतं.